मी तोंड फिरवले तो गुरुवार

मित्रांनो, तांबूस अंगाचा, डावा कान फाटलेला, नऊ वर्षांचा जुना गावठी कुत्रा मी. नाव तांबू. मी राखण करत नाही, शिकारही करत नाही. मुलांच्या घोळक्यात जाऊन शांत बसायचे, एवढेच माझे काम. गेल्या महिन्यात एका वर्तमानपत्रात माझा फोटो छापून आला आणि त्याखाली माझ्या पराक्रमाची हकिगत आली. ती खरी नाही. खरे काय घडले ते मी क्रमाने सांगणार आहे. ऐकताना तुम्हाला किळस येईल. मला अजून येते.

माझा जन्म सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्याच्या कँटीनमागे झाला. आम्ही पाच भावंडे होतो. आई उष्ट्या पत्रावळ्यांवर आम्हाला वाढवत होती. कान फाटला तो लोखंडी फाटकात अडकून. त्या कारखान्यात स्नेहलताईंचा भाऊ कामाला होता. ताई एकदा त्याला भेटायला आल्या आणि परत जाताना मला पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून, स्कूटरवर पायांत ठेवून नाशिकला घेऊन गेल्या. बोलताना किंवा वाचताना अडखळणाऱ्या मुलांना शिकवणे हे ताईंचे काम. मूल माणसासमोर अडखळते, कुत्र्यासमोर कमी अडखळते, हे त्यांनी पाहिले होते.

दीड वर्ष माझे शिक्षण चालले. पाठीमागे स्टीलचे ताट आपटले तरी दचकायचे नाही. कुबड्या, चाकाची खुर्ची, फुगे, कान ओढणारे हात, सगळे सोसायचे. समोर बिस्किट ठेवून ताई "थांब" म्हणाल्या की थांबायचे. परीक्षा झाली आणि मला हिरवे जाकीट मिळाले.

ताईंचे नियम ठरलेले होते. अंघोळ आदल्या दिवशी आणि बिनवासाच्या साबणाने. नखे कापलेली. चाळीस मिनिटांपेक्षा जास्त नाही. मुलाने कुत्र्याकडे यायचे, कुत्र्याने मुलाकडे नाही. आणि तांबू स्वतःहून उठून गेला तर त्याला परत बोलवायचे नाही. तो का उठला ते शोधायचे आणि वहीत लिहायचे. त्या गुरुवारापर्यंतच्या सात वर्षांत मी तीनदा उठलो. एकदा फटाका वाजला म्हणून, एकदा गांधीलमाशी आली म्हणून आणि एकदा एका मुलाने मुठीत कर्कटक लपवले होते म्हणून. तिन्ही वहीत आहेत.

मुलांची मला कधीच किळस आली नाही. शेंबडाची बोटे, शाईची बोटे, चिक्कीने चिकट झालेली बोटे, सगळी माझ्या पाठीवरून फिरली. किळस आली ती मोठ्यांची. एका शाळेत माझ्यावर गुलाबपाणी शिंपडले. एके ठिकाणी फरशी फिनाइलने इतकी पुसली होती की चाळीस मिनिटे मी शिंकत होतो. कुणी टोपी घातली, कुणी गॉगल. एक बाई फोटोपुरती दोन बोटे माझ्या डोक्याला लावून गेल्या. फोटो झाल्यावर त्यांनी ती बोटे ओल्या कागदाने पुसली आणि त्याच कागदाने शेजारच्या मुलाचे तोंडही पुसले. तो मुलगा त्यांचा नव्हता. मी पाहत होतो. भुंकायचे नाही असे मला शिकवले आहे.

दोन वर्षांपूर्वी पेठ रस्त्यावरच्या एका निवासी शाळेचे सचिव दिनेशसर यांनी मला शहरातल्या एका कार्यक्रमात पाहिले. त्यांना ते फार आवडले. मला वाटते, कार्यक्रमापेक्षा त्याचा फलक जास्त आवडला असावा. गेल्या जूनपासून दर गुरुवारी साडेचार वाजता ताई मला गाडीत घालून तिकडे नेऊ लागल्या. डोंगरातल्या वाड्यापाड्यांवरची मुले तिथे राहून शिकतात. त्यांचे आईबाप भात कापून झाला की द्राक्षबागांत कामाला उतरतात आणि उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत.

ज्या मुलांना वाचायला अडते अशी सहा मुले ताईंनी निवडली. पहिल्या दिवशी ती माझ्याभोवती उभी राहिली आणि चंदर नावाच्या पाचवीतल्या मुलाने माझी चौकशी केली.

"ताई, ह्यो शेरडं राखतो का?"

"नाही."

"डुक्कर धरतो?"

"नाही रे. तो ऐकतो. तुम्ही वाचायचं आणि त्याने ऐकायचं."

"आन् आमचं चुकलं तर?"

"त्याला कळणार नाही. त्याला वाचता येत नाही."

चंदरने थोडा विचार केला. "मंग आमच्या बासारखाच हाय," तो म्हणाला आणि सगळ्यांत आधी माझ्याजवळ येऊन बसला.

त्या सहा जणांत वैष्णवी होती. चौथीतली, बारीक, दोन वेण्यांची. तिचे अक्षर सगळ्या शाळेत सर्वांत सुंदर होते, पण मोठ्याने वाचायला सांगितले की पहिल्याच अक्षराला ती अडायची आणि वर्ग हसायचा. माझ्याजवळ ती दुसऱ्या गुरुवारी आली. तिने एक हात माझ्या पाठीवर ठेवला. शब्द अडला की ती पाठीवर बोटाने तो लिहायची आणि मग तो तोंडातून सुटायचा. दिवाळीपर्यंत ती पूर्ण पान वाचू लागली. वाचून झाले की माझ्या फाटक्या कानाशी येऊन सांगायची, "आता तुझी पाळी." मी जांभई द्यायचो. ती मान डोलावायची, जणू मी नीट वाचले.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती परत आली तेव्हा बदलली होती. फ्रॉक खांद्यावरून घसरत होता. आणि तिला मुताचा वास येत होता.

इथे मला तुम्हाला एक गोष्ट नीट सांगायला हवी. मुताचा वास आम्हा कुत्र्यांना घाण वाटत नाही. ती आमच्यासाठी बातमी असते. कोण आले होते, काय खाल्ले होते, घाबरले होते का, सगळे त्यात लिहिलेले असते. वैष्णवी झोपेत गादी ओली करू लागली होती. मी पूर्वीसारखाच तिच्या पायांवर हनुवटी ठेवून पडायचो. इतर मुले मात्र एक एक वीत लांब सरकत गेली आणि डिसेंबर लागेपर्यंत ती आणि मी एका बाजूला, पाच जण दुसऱ्या बाजूला, अशी बैठक झाली.

मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका पुतळाबाई. मुली त्यांना मावशी म्हणत. बेचाळीस मुली आणि त्या एकट्या, हे मी त्यांच्या बाजूने सांगून ठेवतो. ओली गादी वाळवायची तर गच्ची होती, मागचे अंगण होते. पण पुतळाबाईंनी ती गादी रोज दर्शनी भिंतीवर टाकायला लावली, फाटकातून येणाऱ्याला पहिली तीच दिसावी अशी. त्यावर खडूने नाव लिहिलेले. लाज वाटली म्हणजे सवय सुटेल, असा त्यांचा हिशेब होता. प्रत्येक गुरुवारी आमची गाडी त्या भिंतीजवळून आत जायची.

त्या गादीला मुंग्या लागत. काळ्या, बारीक, साखरेला लागतात तशा. भिंतीच्या बुडापासून गादीच्या मधोमध असलेल्या डागापर्यंत त्यांची सरळ रांग असे. बेचाळीस मुलींनी ती पाहिली. पुतळाबाईंनी पाहिली. मास्तरांनी पाहिली. दिनेशसर त्यांच्या गाडीतून उतरताना दर वेळी नाकाला रुमाल लावत, म्हणजे त्यांनीही पाहिली.

"हिच्या गादीला गूळ लावलाय," चंदर म्हणायचा. मुलींनी तिला मुंगीबाई म्हणायला सुरुवात केली. पुतळाबाईंनी पेठहून मुंग्या मारायची पावडर आणली आणि गादीवर टाकली. त्याच गादीवर ती झोपत होती. गुरुवारी माझ्या नाकात तिच्या वासाबरोबर ती पावडरही यायची. मुंग्या मुताला का लागतात, एवढे कुणी विचारले नाही.

ती रांग मीही पाहिली होती, वासही घेतला होता. तिच्या मुताची बातमी गोड झाली होती आणि मला त्यात वावगे वाटले नाही. ताईंच्या वहीत सलग तीन गुरुवारी "वैष्णवी दमलेली" असे लिहिले आहे. तीनदा लिहिले, विचारले एकदाही नाही. हे मी चुगली म्हणून सांगत नाही. ताईंनी स्वतःच नंतर ते पान मोठ्याने वाचले.

मग पाणी बंद झाले. शाळेला पाहुणे येणार होते आणि पाहुण्यांना भिंतीवर गाद्या दिसता कामा नयेत, असे दिनेशसरांनी बजावले होते. पुतळाबाईंनी त्यांच्या पद्धतीने उपाय काढला. वैष्णवी पाणी फार पिते म्हणून गादी ओली होते, तर पाणीच द्यायचे नाही. चार वाजता पाण्याच्या टाकीच्या खोलीला कुलूप लागू लागले. जेवताना इतर मुलींचा पेला भरला जायचा. वैष्णवीचा पेला उपडा ठेवलेला असायचा.

ही गोष्ट मला आणि ताईंना ठाऊक नव्हती. ती कळली त्याच गुरुवारी, ज्याच्याबद्दल वर्तमानपत्राने खोटे लिहिले.

त्या दिवशी वैष्णवी उशिरा आली. भिंतीला हात लावत लावत आली. ओठ फुटलेले होते. श्वास खोल आणि भरभर चालला होता, जणू डोंगर चढून आली आहे. ती बसली, माझ्याकडे वाकली आणि तिच्या तोंडाचा वास माझ्या नाकात शिरला.

सडलेल्या फळाचा वास. त्याच्याखाली नखांचा रंग पुसायच्या औषधाचा वास. तसला वास जिवंत माणसाच्या तोंडाला मी कधी घेतला नव्हता. मित्रांनो, मी तोंड फिरवले.

"तांबू," ती म्हणाली आणि माझ्या पुढे येऊन बसली. मी पुन्हा तोंड फिरवले. तिसऱ्यांदा तिने माझी हनुवटी हातात धरली. मी ती सोडवून घेतली, उठलो आणि ताईंच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिलो.

"बघ, कुत्र्याला पन येतो हिचा वास," चंदर म्हणाला.

सगळे हसले. मोठे हसू नव्हते, पण सगळ्यांचे होते. वैष्णवी हसणाऱ्यांकडे पाहत नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती. रडली नाही. नंतर मला कळले की तिच्या अंगात रडण्यापुरतेही पाणी उरले नव्हते.

मग तिने हात लांब केला आणि माझी वाटी उचलली. ताई माझ्यासाठी घरून पाणी आणतात, स्टीलच्या वाटीत ओततात. ते मी अर्धे प्यायलो होतो. त्यात माझी लाळ होती, एक केस तरंगत होता. तिने वाटी तोंडाला लावली आणि सगळे पाणी पिऊन टाकले. खाली ठेवताना वाटीत बोट फिरवून ते चाटले.

हसू थांबले. एका मुलीने तोंडावर हात धरला. दाराशी उभ्या असलेल्या पुतळाबाई पुढे आल्या.

"शी. कुत्र्याचं उष्टं. तुला काय लाजलज्जा हाय का नाय? ऊठ. चल, ऊठ."

"थांबा," ताई म्हणाल्या. "हात सोडा तिचा."

"ताई, तुम्हाला नाय ठावं. ही अशीच घाण करती. सकाळी वकली पन. पित्त झालंय."

"तांबू का उठला, ते आधी बघू द्या."

"त्यात बघायचं काय? वास येतो तिचा."

"मुताचा वास दिवाळीपासून येतोय," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "दर गुरुवारी हा तिच्या पायांवर डोकं ठेवून झोपतो. मुताला यानं एकदाही तोंड फिरवलेलं नाही. आज काहीतरी वेगळं आहे."

त्या गुडघ्यांवर बसल्या आणि जे कुणी इतक्या दिवसांत केले नव्हते ते त्यांनी केले. वैष्णवीच्या तोंडाजवळ नाक नेले आणि श्वास आत घेतला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. त्यांनी तोंड फिरवले नाही.

"पाणी किती पितेस गं?"

"देत नाय," वैष्णवी म्हणाली.

"कोण देत नाही?"

उत्तर पुतळाबाईंनी दिले, आणि ते देताना त्यांना काही चुकले असे वाटत नव्हते. "चारनंतर बंद केलंय. गादी भिजवती ना. मी माझ्या पोरांचं पन असंच सोडवलं."

"आणि तरी भिजते?"

"भिजतीच की. कुठून आनती एवढं पानी, देवाला ठाऊक. बाथरूमच्या बादलीतलं पिताना धरली परवा."

"गादीला मुंग्या लागतात," चंदर मधेच बोलला. या वेळी तो चिडवत नव्हता. "ताई, खरंच लागत्यात. रांग असती."

ताई उठल्या, त्यांनी वैष्णवीला उचलले. उचलताना त्यांचा तोल मागे गेला, कारण त्यांनी दहा वर्षांच्या मुलीच्या वजनाची तयारी केली होती आणि हातात तेवढे काही आलेच नाही.

पुतळाबाई गाडीपर्यंत मागे आल्या. सरांना विचारल्याशिवाय मुलगी बाहेर जाऊ देता येत नाही, म्हणाल्या. ताईंनी सरांना फोन लावला आणि तो पुतळाबाईंच्या कानाशी धरला. "उद्या आपल्या डॉक्टरांना बोलावू," असे सर म्हणत होते. मला ऐकू येत होते. ताईंनी फोन बंद केला आणि गाडी सुरू केली.

नाशिकपर्यंतच्या वाटेत वैष्णवी दोनदा ओकली. दुसऱ्यांदा माझ्या पाठीवर. तो वास पुन्हा आला. मागच्या सीटवर जागा नव्हती, नाहीतर मी पुन्हा सरकलो असतो. हे मी लपवत नाही. ती माझ्यावर कलंडली होती आणि मला उठता येत नव्हते, म्हणून मी तिथे होतो.

दवाखान्यात बोटातून थेंब काढून साखर मोजली. यंत्राला आकडा दाखवता आला नाही. त्यावर नुसते "जास्त" असे आले. तिला मधुमेह झाला होता. तुम्ही म्हणाल, तो आजोबांना होतो. लहान मुलांनाही होतो, एक वेगळ्या जातीचा. शरीर साखर वापरू शकत नाही. ती लघवीतून बाहेर जाते आणि जाताना अंगातले पाणी घेऊन जाते. म्हणून तहान, म्हणून ओली गादी, म्हणून मुंग्या. साखर वापरता येईना की शरीर स्वतःची चरबी जाळते, तोंडाला तो वास त्याचा. अशा मुलीचे पाणी तोडले होते. डॉक्टर ताईंना म्हणाले, "उद्या आणली असती तर मी काय सांगितलं असतं, ते आता नको बोलायला." ताईंनी डॉक्टरांचे हे बोलणे गाडीत बसून वैष्णवीच्या वडिलांना, देवरामभाऊंना, फोनवर सांगितले, तेव्हा मी ऐकले. देवरामभाऊ दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागेत होते. ते म्हणाले, "ताई, शाळेतून दोनदा फोन आलता. पोरगी घान करती, समज द्या म्हनून. म्या फोनवर तिला रागं भरलो."

चार दिवस वैष्णवी जगेल की नाही हे कुणाला सांगता येत नव्हते. अकराव्या दिवशी ती चालू लागली. आता तिला रोज इन्सुलिनची सुई घ्यावी लागते, आयुष्यभर.

यानंतरचे जास्त किळसवाणे आहे.

दिनेशसरांच्या ओळखीच्या कुणीतरी बातमी दिली. "श्वानाने ओळखला आजार, विद्यार्थिनीचे वाचवले प्राण." त्यात मी वैष्णवीचा फ्रॉक दातांत धरून तिला ओढत नेले होते. त्यात अधीक्षिकांनी प्रसंगावधान राखले होते. त्यात पाणी कुठेच नव्हते. ताईंनी शाळा चालवणाऱ्या संस्थेला दोन पानी पत्र दिले. सर म्हणाले, चौकशी करू, पण शाळेचे संमेलन होईपर्यंत बाहेर वाच्यता नको, नाहीतर गुरुवारचा उपक्रम चालू ठेवणे अवघड होईल. बाकीच्या पाच मुलांचा विचार करून ताई गप्प राहिल्या. देवरामभाऊंनाही पाण्याचे सांगितले नाही. त्यांनी वहीत "मी गप्प राहिले" असे लिहिले आणि तारीख घातली.

जानेवारीत संमेलनात माझा सत्कार झाला. मंडपात मला खुर्चीवर बसवले. कपाळाला कुंकू लावले, ते डोळ्यात उतरले. शाल कुत्र्याच्या अंगावर टिकत नाही. दोनदा पडली, मग फोटो होईपर्यंत एकाने ती मागून धरून ठेवली. पुढ्यात नारळ ठेवला. प्रमुख पाहुण्यांनी कॅमेऱ्याकडे पाहत माझ्या तोंडात पेढा कोंबला आणि बोटे रुमालाला पुसली. त्यांच्या शेजारी पुतळाबाई, नवे लुगडे नेसून. त्यांचाही सत्कार होता. पेढ्यांचे ताट वैष्णवीच्या हातात दिले होते, कारण ते फोटोत चांगले दिसेल असे कुणाला तरी वाटले. एक पेढाही खाता न येणारी मुलगी ताट धरून उभी होती.

दवाखान्यातून आल्यापासून ती माझ्याजवळ आली नव्हती. गुरुवारी ती यायची, वाचायची, पण तिच्या आणि माझ्यात तीन मुलांचे अंतर असायचे.

दिनेशसरांनी भाषण केले. मुक्या जनावराला कळते, असे म्हणाले. मग त्यांनी माईक खाली करून वैष्णवीच्या तोंडाशी धरला. "बाळा, सगळ्यांचे आभार मान."

ती पहिल्याच अक्षराला अडली. मंडप थांबला. तिचा हात ताटाच्या काठावर फिरत होता, बोटाने ती काहीतरी लिहीत होती.

"कुनाचे?" ती म्हणाली.

थोडे हसू झाले. सर म्हणाले, "अगं, ज्यांनी तुला वाचवलं त्यांचे. तांबूचे, मावशींचे."

"तांबूनं वाचवलं नाय. त्यानं तोंड फिरवलं. सगळ्यांसारखंच." ती माझ्याकडे पाहून बोलत होती, रागाने नाही, जसे घडले तसे. "ताईनं विचारलं, म्हनून कळलं. मावशीनं पानी बंद केलतं. चारनंतर. माझा पेला उपडा ठेवायची."

सरांनी माईक उचलला. तोवर मंडपात मागे एक माणूस उभा राहिला होता. देवरामभाऊ. त्यांच्या हातांना द्राक्षावरच्या फवाऱ्याचा वास होता. तो मला एवढ्या लांबूनही येत होता.

"पानी बंद केलतं?" त्यांनी विचारले. आवाज मोठा नव्हता. "माझ्या पोरीचं?"

"भाऊ, कार्यक्रमानंतर बसू आपण," सर म्हणाले.

"सरांनीच सांगितलं होतं," पुतळाबाई एकदम म्हणाल्या. त्यांच्या गळ्यातला हार तसाच होता. "पाव्हन्यांना गाद्या दिसता कामा नये म्हनून. म्या बेचाळीस पोरी एकटी बघते. मला काय ठावं, असलं दुखनं असतंय ते. मला कुनी सांगितलं?"

प्रमुख पाहुणे घड्याळ पाहू लागले. देवरामभाऊ पुढे आले आणि त्यांनी वैष्णवीच्या हातातले ताट काढून टेबलावर ठेवले. "चल घरी."

वैष्णवी जागची हलली नाही. "बा, सुई थंडीत ठेवावी लागती. बागेत फ्रीज कुठंय?"

मित्रांनो, तिच्या बापाच्या चेहऱ्यावर काय आले ते मला सांगता येत नाही. ज्या वसतिगृहात तिचे पाणी तोडले त्याच वसतिगृहात तिला ठेवावे लागणार होते, कारण औषध थंड ठेवणारी पेटी तिथेच होती. त्यांनी पुतळाबाईंना विचारले, "कुलूप कुठल्या खोलीला लावता?"

ताईंनी मला खुर्चीवरून उतरवले. आम्ही सगळे त्या दोघांच्या मागे गेलो, शाल तिथेच राहिली. पाण्याच्या खोलीच्या कडीला उघडे कुलूप अडकवलेले होते. देवरामभाऊंनी ते काढले, सर्वांच्या देखत सदऱ्याच्या खिशात घातले आणि म्हणाले, "हे मी नेतो. दुसरं लावलं, तर ते न्यायला पन येईन." मग ते बागेकडे जाणारी गाडी धरायला निघून गेले. त्यांना संध्याकाळी कामावर हजर व्हायचे होते.

तेव्हापासून दुसरे कुलूप लागलेले नाही. गाद्या मागच्या अंगणात वाळतात. पुतळाबाई तिथेच आहेत. त्यांना सुई भरता येते आणि वेळ चुकत नाही. दिनेशसर आता आमच्या गाडीकडे पाहून हात करत नाहीत. गुरुवार अजून चालू आहेत. कधीपर्यंत, ते ताईंना माहीत नाही. मागच्या गुरुवारी वैष्णवी आणि माझ्यात एकच मूल होते, चंदर. तो वाचून झाल्यावर उठला आणि आपली जागा मोकळी ठेवून दुसरीकडे जाऊन बसला. ती त्या जागेवर आली नाही. मी ती धरून ठेवली आहे.

माझे पाय आता दुखतात. हिरवे जाकीट एखाद्या तरुण कुत्र्याला जाईल आणि कदाचित तो तुमच्या शाळेत येईल. त्याला हार नको, टोपी नको, पेढा तर नकोच. तुमच्याकडून मला हवे आहे ते एवढेच. तुमच्या वर्गात, तुमच्या खोलीत एखाद्याचा वास येऊ लागेल. तुम्हाला किळस येईल. मलाही आली होती, तेव्हा ती येऊ नये असे मी कसे म्हणू? पण त्याला आधी पाणी द्या आणि काय होतेय ते विचारा. नाक मुरडायला नंतर भरपूर वेळ असतो.